नेरडीगोंड्यात बसवलेला पंप

माहा जन्म निजामाच्या राज्यातला. तलमडुगुच्या अंगाला आमचं गाव. तारीख-बिरीख कोणाले ठाऊक, माय सांगे का पोलीस ॲक्शनच्या वक्ती तू रांगत होता, बस, तेवढाच माहा दाखला. मंग आमी हैद्राबादवाले झालो, मंग आंध्रावाले झालो, मंग तेलंगणावाले झालो, अन् घर म्हणाल तर जिथी होतं तिथीच हाय. पहिलीत मास्तर मराठीत शिकवे, दुसरीत दुसरा मास्तर आला थो तेलुगूत शिकवाले लागला, तवा मी पाटी उचलून घरी आणली अन् बाले म्हटलं का सरकारचं एकदा काय ते ठरू द्या, मंग मी जाईन. ते काई ठरलं नाई अन् मी काई गेलो नाई. बा म्हणे पोरगं हट्टी हाय. हाय तर हाय. पण बोलाले म्हणाल तर तेलुगू येते, हिंदी येते, अन् गाडीचं इंजिन आवाजावरून समजते, आणखी काय पायजे माणसाले.

तर गाडीचं सांगतो, तुमी त्याच्यासाठीच बसले. माही जीप. शेतकी खात्याची जुनी जीप हर्राजात निघाली होती, थे मी अन् माह्या लहान बहिणीचा नवरा, नामदेव जवाई, आमी दोघांनी मिळून बोली लावून घेतली. वच्छी माही बहीण, भैंशाकडं दिली होती, पण जवाई गाडीसाठी जास्त आमच्याकडंच राहे. दिवसा तलमडुगु-आदिलाबाद सवारी मारायची, बाजाराच्या दिवशी टोपले, कोंबड्या, माणसं, सगळं एकातच. अर्धी जीप त्याची, अर्धी माही, पण काय सांगू तुमाले, कधी म्हटलं नाई आमी का हे चाक तुहं अन् हे माहं. अन् एक माही जिद्द होती, पार्ट टाकीन तर कंपनीचा टाकीन. लोकल माल, डुप्लिकेट माल माह्या गाडीत नाई. पार्टासाठी जीप आठ-आठ दिवस उभी ठेवली मी, नागपूरहून माणूस येईल तवा येईल, पण डुप्लिकेट नाई. आदिलाबादच्या स्टँडवरचे ड्रायव्हर मले कंपनीमामा म्हणत. म्हणा म्हटलं.

नामदेव जवाई लवकर गेला. पोटाचं दुखणं होतं त्याचं. जाच्या आधी मले जवळ बसवलं अन् म्हणे, भाऊ, माही संगी लहान हाय. तिचं लग्न होईल तवा तिले भाड्याच्या गाडीत नका धाडू, आपल्या जीपमधी धाडा. मी हो म्हटलं. तवा माणसाले दुसरं काय म्हणता येते.

मंग ज्या दसऱ्याले सरकारनं आमचा आदिलाबाद जिल्हा फोडला ना, त्याच्या पुढच्या वैशाखात संगीचं लग्न निघालं. भैंसा आता निर्मल जिल्ह्यात गेलं, म्हणजे रात्रीतून वच्छी परजिल्ह्याची झाली, फोनवर मले म्हणे, दादा, आता येशील का पासपोट लागते तुले. गोरज मुहूर्त होता. आमच्यात मामाकडचं पिवळं पातळ नेसूनच पोरगी बोहल्यावर चढते, अन् मामा तिच्या पाठीमागं उभा राह्यते, बाप असो का नसो. इथी तर बाप नव्हताच. मी पातळ घेतलं, बायकोले घेतलं, जीपले फुलं बांधले अन् सकाळीच निघालो.

आता जीपचं असं होतं का महिन्याभरापासून वाटर पंपाखालून पाणी गळून राह्यलं होतं. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते, तिथून थेंब, थेंब. मी काय केलं, आंगाचा साबण नरम करून ते भोक गच्च बुजवलं, अन् वरून रेडिएटरमधी मूठभर हळद टाकली. हळदीनं बारीक गळती बसते, आमच्याकडं सगळेच टाकतात, तुमी कोणालेही विचारा. थेंब बंद झाला. मले वाटलं, काम झालं.

इचोड्यापर्यंत बरी चालली. नेरडीगोंड्याच्या अलीकडं गरमीचा काटा चढाले लागला, मंग इंजिनातून असा आवाज आला जसा कोणी डब्ब्यात गिट्टी हालवून राह्यलं, अन् बोनेटमधून वाफ. गावात शिरता शिरता गाडी बंद. समोर अजून महबूब घाट चढायचा, खाली निर्मल, मंग भैंसा. वैशाखाचं ऊन. बायको काई बोलली नाई. ते बोलत नाई तवाच भेव वाटते.

सडकेवरच एक मेकॅनिक होता, मल्लन्ना नावाचा, बनियनवर, खांद्यावर दस्ती. त्यानं गाडी गार होऊ दिली, मंग समोरचा पंखा हातानं धरून हालवला तर पंखा लटलट हालला. बेरिंग गेली म्हणे, पंप गेला. मंग खालचं पाणी काढलं, तर पाणी पिवळं. थो पाण्याकडं पाहे, मंग जीपच्या फुलांकडं पाहे, मंग माह्याकडं. म्हणे, ताता, पेळ्ळी पिल्लदा, बंडिदा? म्हणजे, आजोबा, लग्न पोरीचं हाय का गाडीचं, हळद कोणाले लावली? माही बायको, जे गाडी बंद पडल्यापासून बोलली नव्हती, ते हसाले लागली तर थांबेच ना. मंग त्याले साबण सापडला. म्हणे ताता, हे भोक सांगायसाठी ठेवलेलं असते का आतलं सील गेलं, तुमी त्याचं तोंड बांधून टाकलं, मंग पाणी बेरिंगमधी नाई जाईल तर कुठी जाईल? मी म्हटलं, ते असू दे, पंप हाय का? म्हणे हाय, पण कंपनीचा नाई, लोकल हाय. कंपनीचा पायजे तर निर्मलले फोन करतो, उद्या येईल.

मी म्हटलं, उद्याच लावू. मल्लन्ना म्हणे, अन् लग्न? मी म्हटलं, आमी बसनं जातो. पण बोललो अन् माहे पाय काई उचलेनात, काऊन का बसनं गेलो तर मामा पोचते, पातळ पोचते, पण नामदेवची जीप नाई पोचत. अन् लोकल पंप टाकला तर घाटात दगा दिला म्हणजे काईच नाई पोचत. मी तिथीच फुलं बांधलेल्या जीपले टेकून उभा. लावू का नको. मल्लन्ना बिडी पिऊन आला तरी मी उभाच.

बायकोनं पातळाची पिशवी उचलली. म्हणे, मी चालली बसनं, पातळ पोचलंच पायजे. तुमी बसा कंपनीची वाट पाहत. मी म्हटलं, अवं, जीपमधी डुप्लिकेट कसा टाकू? तवा सडकेवर सगळ्यांसमोर म्हणे कशी, तोंडातली बत्तीशी काय कंपनीची हाय का? आदिलाबादवरून बसवून आणली ना? त्याच दातानं परवा मटण खाल्लं, हाडं फोडले, तवा नाई आठवलं डुप्लिकेट! बस आली, ते चढून गेली. खिडकीतून मंग म्हणे, गोरजेच्या आत या बरं.

मल्लन्नाले मराठी पूर्ण समजत होतं, मले नव्हतं माहीत. थो बाजूले तोंड करून हसे. मी म्हटलं, हसू नको, लाव.

त्यानं जुना अन् नवा पंप पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले, पात्या मोजल्या, भोकं जुळवले, आंगठ्यानं फिरवून माह्या कानाजवळ धरला, म्हणे ऐका. आवाज नव्हता. मले आवडलं ते. पंप अन् इंजिनाच्या मधात बसवायचं, डब्ब्यातलं पॅकिंग मात्र जमलं नाई, पापुद्र्यासारखं होतं, बसवता बसवता फाटलं, अन् दुकानातला जाड कागद सरलेला. थो इकडं पाहे, तिकडं पाहे. मी खिशातून संगीची लग्नपत्रिका काढली. चांगली जाड होती, वच्छीनं हौशीनं छापली होती. मल्लन्नानं ते पंपावर ठेवून हातोडीनं कडंकडंनं ठोकून ठोकून आकार काढला, पण गणपतीवर हातोडी नाई पडू दिली, थो तुकडा आधी कापून माह्या हातात दिला. ग्रीस लावून पत्रिकेचं पॅकिंग बसवलं, बोल्ट एकदम नाई आवळले, एक इकडचा, एक समोरचा, हळूहळू. पट्टा चढवला. मंग म्हणे आता बोरचं खारं पाणी टाकू नका, अन् स्वतःच्या घरून प्याच्या मडक्यातलं पाणी आणून ओतलं. गाडी चालू झाली. आमी दोघंबी पंपाखाली डोकं घालून बसलो. थेंब नाई.

मी घाईत. मल्लन्ना म्हणे पैशाचं परत येताना पाहू, आधी लग्न गाठा, अन् घाटात दुसऱ्या गेरवरच चढा, काटा पाहा, जिद्द नका करू.

घाट चढलो. काय सांगू तुमाले, सारा जन्म गाडी चालवली पण तसं काट्याकडं कधी पाह्यलं नाई. मोटारी मागून हॉर्न मारत, मी आपला दुसऱ्यावरच. वर चढलो तरी काटा मधातच. मी एकटाच जीपमधी बोललो, नामदेव, चढली रे.

मांडवाजवळ पोचलो तवा दिवस बुडत होता अन् भटजी घाई करून राह्यला होता का मुहूर्त चालला, दुसऱ्या कोणत्या मामाले उभं करा. संगी पिवळं पातळ नेसून बसलेली, म्हणे मामा आल्याशिवाय मी उठत नाई. आमच्याच घरचं रगत. जीपचा हॉर्न ऐकला तवा उठली. मी हात धुवाले चाललो होतो, कोपरापर्यंत ग्रीस, तर वच्छी म्हणे, दादा, राहू दे हात, ये आधी. तसाच उभा राह्यलो मंग पोरीच्या मागं. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. खांद्यावर हात ठेवला तर पिवळ्या पातळावर काळे बोटं उठले. संगीनं मान वळवून पाह्यलं, म्हणे, मामा, पप्पाच्याबी हाताले असाच वास ये.

पाठवणी जीपमधीच झाली. मीच चालवली.

परत येताना मल्लन्नाच्या दारात थांबलो, लाडू दिले, हिशेब केला, अन् त्याच्या बायकोले म्हटलं का तुह्या मडक्यातल्या पाण्यावर माही पोरगी सासरी गेली. ते लाजली, म्हणे पाणी तर कोणीबी देते. नाई बाई, कोणीबी नाई देत.

आता मले डोळ्यानं दिसत नाई नीट, जीप सुधीर चालवते, माहा नातू, तेबी कधीमधी. पंप थोच हाय. मी दसऱ्याले नारळ फोडतो तवा हात पंपाखाली घालून पाहतो, कोरडा असते. संगीले दोन लेकरं झाले, सुखात हाय. माहं आता मागणं काई राह्यलं नाई. देवानं मल्लन्नाच्या घरचं मडकं कधी रिकामं ठेवू नये, एवढंच लिहा, अन् आता चहा घ्या, गार झाला.