तात्यांच्या डावीकडे

माझा नाव गणपत. गाव धामापूरच्या अलीकडे, बापाशीची भातशेती आणि काजीची चार झाडा, दशावतारात मी इलंय तो तात्यांमुळे. तात्या म्हणजे आमच्या नाटक कंपनीत राजाचा काम करणारे. राक्षस मारूक, अडलेल्यांक सोडवूक, सगळा तेंकाच. मी तेंचो प्रधान. तेंच्या डावीकडे एक पाऊल मागे उभा रवायचा आणि होय महाराज म्हणायचा, बावीस वर्सा ह्याच केलंय. काय सांगू तुमका, कुडाळच्या बाजारात सुद्धा मी तेंच्या डावीकडसूनच चालायचंय, बायल हसायची.

मगे तात्यांक लकवो मारलो, उजवी बाजू गेली. मालक म्हणाले, गणपत, आता राजा तू. तात्या खाटेर पडलेले आणि माका, शरम वाटता सांगूक, माका बरा वाटला. मुकुट घालून आरशात बघलंय, एकदा नाय, धा वेळा.

कसालाकडे एका पूजेक दुपारचो प्रयोग होतो. आमच्यात लिवलेला काय नसता, मालक कथा सांगतत, बोलणा ज्येचा तेना जुळवायचा. राक्षस गरजलो, कोण आहे तो राजा, समोर ये! आणि माझो मेलो पाय! एक पाऊल डावीकडे सरकलंय, जागा मोकळी केलंय आणि म्हटलंय, महाराज, आपण पुढे व्हावे. मुकुट माझ्याच डोक्यार! पेटीवालो सुद्धा थांबलो. राक्षस झालेल्या बाबल्यान सावरल्यान, म्हणता, प्रधाना, राजाचा मुकुट घालून मला फसवतोस? ये, तूच लढ. मगे मी प्रधान म्हणानच लढलंय, प्रधानानच राक्षस मारल्यान. लोकांक वाटला कथाच तशी आसा. टाळये काय, शिट्ये काय! माका मातयेत घुसासा वाटा होता.

रातीक तात्यांच्या घराक गेलंय तर तेंनी वाकड्या तोंडान विचारल्यानी, माझी जागा भरलस मां? भरलंय, म्हटलंय. तेंनी डाव्या हातान आपली तलवार माझ्या हातात दिल्यानी. तेंच्या डोळ्यांत पाणी, आणि मी वर बघूक नाय.

आता राजा मीच करतंय, लोका बरा म्हणतत. पण राक्षस समोर इलो की पाय अजून डावीकडे ओढता. बाबल्यान काय, पेटीवाल्यान काय, तात्यांक कोणी सांगूक नाय, तेंचे उपकार. तुमी ह्या छापतास तर माझा नाव तेवढा गाळा, तात्यांची सून तेंका सगळा वाचून दाखवता.

नाय, ऱ्हवा. नाव ठेवा. कळांदे तेंका. तलवार परत मागली तर नेऊन दितलंय. पण त्या दुपारी महाराज म्हणान हाक मारलंय ती तेंकाच मारलंय, एवढा मात्र नीट लिवा. देव तेंका बरे ठेवो.