एकच ब्रेक, तोही मागे

...आणि वर ब्रेक एकच! एकच, तोही मागच्या चाकाला. बरं, गिअर? नाहीत. सस्पेन्शन? नाही. मडगार्ड? विचारूच नका. सीट आहे, पण ती इतकी खाली की बसलं तर गुडघे कानाला लागतील, आणि मी विचारलं की अगं, ह्यावर बसायचं कसं, तर आमची लेक म्हणते बसायचंच नसतं. म्हणजे सीट आहे, पण बसायचं नाही! पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या सोफ्यासारखी, येता-जाता नुसती झटकायची. आणि ही असली बीएमएक्स सायकल घ्यायची कशाच्या बदल्यात, तर जिला पुढे सस्पेन्शन आहे, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि गिअर इतके आहेत की त्यातल्या निम्म्यांची अजून आमच्याशी ओळखसुद्धा झालेली नाही, अशा धडधाकट माउंटन बाइकच्या बदल्यात! तुम्हाला सांगते, माझं काही म्हणणं नाही. मी आपलं नुसतं विचारते. चांगला बांधलेला बंगला देऊन कुणी तंबू घेतं का हो?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझं असंच होतं, काळजी आधी सुरू होते आणि कारण मागून येतं.

तर ती माउंटन बाइक मी निवडली होती. निवडली म्हणजे काय, लोक स्थळं बघताना करत नाहीत इतकी चौकशी केली. दुकानात इतक्या वेळा गेले की तिथले मेकॅनिक काका मला लांबून बघूनच उसासा टाकायचे. घरात त्यांना आम्ही उसासेकाकाच म्हणतो. आणि लेक चार वर्षांची असल्यापासून, तिच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं होती तेव्हापासून, मी तिला एकच मंत्र शिकवलाय: डावा आधी, उजवा नंतर. डावा ब्रेक मागच्या चाकाचा, तो आधी दाबायचा. उजवा पुढचा, तो एकदम दाबला की आपण सायकलच्या आधी घरी पोचतो. डावा आधी, उजवा नंतर. शाळेला निघाली तरी हेच, दूध आणायला निघाली तरी हेच. झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

आणि ही मुलगी, तुम्हाला सांगते, मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारत होती!

मला कसं कळलं? कपडे वाळत घालताना. तिच्या करड्या पॅंटच्या गुडघ्याला आतून ठिगळ. निळ्या दोऱ्याने, इतके बारीक टाके की बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. असे टाके आमच्या घरात एकच व्यक्ती घालते. मी सासूबाईंना विचारलं, आई, हे काय? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कापडच पातळ असतं हल्लीचं."

बरं, म्हटलं. असेल पातळ. माझं काही म्हणणं नाही.

मग त्याच आठवड्यात गाडीची डिकी उघडली तर आत फावडं. फावडं! आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची शेती म्हणजे दोन कुंड्या, एकीत कोरफड आणि दुसरीत जी कोरफड होती तिची आठवण. नवऱ्याला म्हटलं, अरे, हे फावडं कशाला? तो ऑफिसात मोठमोठ्या मीटिंगांमध्ये तासन्‌तास उत्तरं देतो म्हणे. माझ्यासमोर त्याला एकच शब्द सुचला. "कोरफडीला."

मी नुसती उभी राहिले. काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याला आमच्या घरात फार घाबरतात, कारण ते क्वचितच ऐकायला मिळतं. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं.

आमच्या इमारतीच्या मागे जुन्या गोदामाचं रिकामं आवार आहे. तिथे सायकलवाल्यांनी मातीचे उंचवटे रचलेत. एका उंचवट्यावरून उडायचं, मध्ये खड्डा, पलीकडच्या उंचवट्याच्या उतारावर उतरायचं. बस, एवढाच खेळ. त्यात चेंडू नाही, गोल नाही, जिंकणं-हरणं नाही. खाली आलं की झालं! तर आमची अकरा वर्षांची लेक सुट्टी लागल्यापासून तिथे जात होती. बाप 'फिरायला जातो' म्हणून जाऊन माती ओढत होता. आजी गुडघे शिवत होती. उसासेकाका चाकाच्या तारा गुपचूप आवळून देत होते. म्हणजे एक अख्खं खातं चाललं होतं, आणि त्या खात्याचा नियम एकच: आईला सांगू नका.

इथे मात्र मला हसू आलं नाही हो.

मी लेकीला बाजूला घेतलं. ओरडले नाही. फक्त विचारलं की बाळा, मला का नाही सांगितलंस? मी काय नाही म्हणाले असते? तिने थोडा विचार केला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू नाही म्हणत नाहीस, आई. तू घाबरतेस. मग मला पण भीती वाटायला लागते, आणि भीती वाटली की उडी चुकते."

आता बोला! सुरक्षिततेच्या नावाखाली मी घरात जे जे केलं, त्यात सगळ्यात धोकादायक वस्तू निघाली मी. त्या रात्री मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की ती पडेल ही भीती एका बाजूला, आणि पडली तरी मला सांगणार नाही ही दुसऱ्या बाजूला. आणि दुसरी जास्त वजनाची होती.

म्हणून मी ठरवलं की आपण समजूतदारपणा दाखवायचा. आणि समजूतदार आई दिसली रे दिसली की मुलं काय करतात? मागणी पुढे करतात. लेक म्हणाली, तुला कळलंच आहे तर मला बीएमएक्स हवी. का, तर माउंटन बाइक जड. उंचवट्याच्या टोकावर आपण जोर लावतो तेव्हा पुढचं सस्पेन्शन आत दबतं आणि तो जोरच खाऊन टाकतं. म्हणजे मी ज्याच्यासाठी चार दुकानं पालथी घातली, तेच उडी खातं! बीएमएक्स लहान, हलकी, कडक. टोकावरून टुणकन सुटते. मी म्हटलं, अगं, मग खाली आपटल्यावर दणका कोण झेलणार? तर म्हणे, "गुडघे. आपले गुडघेच सस्पेन्शन असतात, आई."

ते गुडघे मी घडवलेत! नऊ महिने! पण माझं काही म्हणणं नाही.

उसासेकाकांनी एक लांब उसासा टाकून बीएमएक्स आठवडाभर वापरून बघायला दिली; पटली तर अदलाबदल करू म्हणाले. मी अट घातली: मी जागा बघणार, मला पटेपर्यंत नव्या सायकलवरून उडी नाही, आणि रविवारी मी निकाल देणार. लेकीने मान डोलावली. जरा जास्तच लवकर डोलावली, पण ते मला मागाहून सुचलं.

जागा बघायला गेले, तर एक बाई डोक्यापासून हनुवटीपर्यंत बंद हेल्मेट घालून भर्रकन आल्या, उंचवट्यावरून उडाल्या, हवेत हँडल असं वाकडं केलं, सरळ केलं, उतरल्या, थेट माझ्यासमोर थांबल्या आणि हेल्मेट काढून म्हणाल्या, "अरे, तुम्ही! अक्कलदाढ काय म्हणते?" आमच्या दातांच्या डॉक्टर! माझ्या तोंडात ज्या बाईंनी दोन्ही हात घातले होते त्या! त्यांना विचारलं की दात वगैरे पडत नाहीत ना इथे, तर त्या मोकळेपणाने हसल्या, आणि हसताना त्यांच्या पुढच्या दातांतला एक बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा दिसला. मी पुढे विचारलं नाही. खड्ड्याबद्दल मात्र विचारलं. म्हटलं, एखादीची उडी पलीकडे पोचलीच नाही तर? त्या म्हणाल्या, "नाही पोचलं की कळतं." हे उत्तर झालं का? आणि जाता जाता सांगितलं की इथला कायदा एकच, जो माती ओढत नाही त्याने उडी मारायची नाही.

आता खरा प्रकार ऐका. तो खड्डा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोळी लाटतेय, खड्डा. केस विंचरतेय, खड्डा. शनिवारी उजाडता उजाडता मी उठले. म्हटलं, माती ओढायचा कायदा आहे ना? मग ओढते! मी तो खड्डाच बुजवणार होते. रविवारी सगळे येऊन बघतील तर खड्डाच नाही. कुणी बुजवला, काय माहीत, वारा असेल. डिकीत फावडं होतंच. कोरफडीची झारी घेतली. आणि हो, बीएमएक्सही डिकीत टाकली, कारण मी नसताना ती घरात राहिली तर लेक उडी मारून घेईल ही भीती. बघा, प्रत्येक गोष्ट मी काळजीपोटीच केली.

तुम्हाला सांगते, माती ओढण्यात एक सुख आहे. पाठीचा काटा ढिला झाला, पण तो खड्डा जसजसा भरत गेला तसतशी माझ्या छातीतली कुठलीतरी जागा मोकळी होत गेली. वरून पाणी शिंपडलं, फावड्याच्या पाठीने थोपटलं, अगदी गुळगुळीत. दोन उंचवट्यांच्या मध्ये आता सपाट माथा. वा, म्हटलं. आता फक्त एकदा खात्री करून घेऊ. हळूच. नुसती सायकल वरून नेऊन बघायची. उडायचं नाही, आपण काय वेड्या आहोत?

लेकीचं चांदण्यांचे स्टिकर लावलेलं हेल्मेट डोक्यावर कोंबलं, आवाराच्या वरच्या टोकाला गेले, सायकल सोडली. आता मला कुणी सांगितलं नव्हतं की ही पोरं तो उतार मुद्दाम असा करतात की वेग आपोआप यावा. सायकल निघाली. मी म्हटलं, हळू. ती ऐकेना. उंचवटा समोर आला, आणि मी, तुम्हाला सांगते, अजिबात घाबरले नाही, कारण मला मंत्र पाठ होता. डावा आधी! डाव्या हाताची चारही बोटं अशी आवळली...

आणि हातात नुसती रबरी मूठ. डावीकडे ब्रेकच नाही! एकच ब्रेक, तो मागचा, आणि तो उजवीकडे! आणि उजवा तर नंतर! मी मंत्रापुढे कशी जाणार? उजव्याची पाळी येईपर्यंत माझी चाकं जमिनीवर नव्हतीच.

हवेत काय वाटतं म्हणून विचाराल तर मला गॅस आठवला. बंद केला होता का?

मग धप्प. त्या सपाट माथ्यावर, मी स्वतः थोपटलेल्या मातीवर. खड्डा असता तर आज तुमच्यासमोर उसासेकाका बोलत असते. तिथून गडगडत पलीकडच्या उतारावरून खाली, आणि मग गवतात आडवी. एक चाक फिरतंय, टर्रर्र...

वर बघते तर आवाराच्या तोंडाशी नवरा आणि लेक. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांना म्हणे सगळं दिसत होतं, फावड्यापासून. नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लेकीने हात करून त्याला गप्प केलं. धावत आली. गुडघा बघितला, कोपर बघितलं, आणि माझ्याच आवाजात, अगदी माझ्याच, म्हणाली, "हळू ऊठ. डोळे मिटले होतेस ना?"

हो, म्हटलं.

"आणि डावा दाबलास?"

म्हटलं, तुला कसं कळलं?

"मी पण पहिल्यांदा तोच दाबला होता." बोलली आणि जीभ चावली. पहिल्यांदा म्हणजे कधी, असं मी विचारलं. नवरा आकाशाकडे बघायला लागला. तिथे काहीही नव्हतं.

खरं म्हणजे मी चिडायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. गवतात बसून आम्ही दोघी पोट धरून हसतोय, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आपली सायकल घेऊन हजर. त्यांनी बुजवलेला खड्डा बघितला. मी म्हटलं, संपलं, आता ही बाई माझे दात भूल न देता काढणार. तर त्या म्हणाल्या, "हे टेबल कुणी केलं?" मधला खड्डा भरला की त्याला टेबल म्हणतात म्हणे, नव्यांना शिकायला ते सगळ्यात चांगलं, आणि कधीपासून करायचं होतं पण एवढी माती ओढायला कुणाला धीर नव्हता. आता पलीकडच्या रांगेतलंही मीच करायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही.

मग लेक सायकल घेऊन वर गेली. तिथून ओरडली, "आई, बघ हं!" आजवर सायकलवर बसली की ती 'तू बघू नकोस' म्हणत आलेली. मी बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. श्वास घेतला नाही, पण बघितलं. फार उंच नव्हती उडी... पण काय सांगू. गुडघे असे वाकले तिचे, सस्पेन्शनच.

बीएमएक्स घरात राहिली. घरी जाताना जिन्यात लेकीने माझा हात धरला आणि कुजबुजली, "आजीला सांगायचं नाही हं." आणि मला इतका आनंद झाला, तुम्हाला सांगते! पहिल्यांदाच त्या नियमाच्या आतल्या बाजूला मी होते. मी लंगडणं लपवलं, माझी फाटकी पॅंट धुवायच्या कपड्यांत अगदी तळाशी कोंबली, चेहरा साळसूद केला.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर पॅंट घडी करून ठेवलेली. गुडघ्याला आतून ठिगळ. बारीक टाके. निळा दोरा.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या वेळेला दोन्ही गुडघ्यांना आधीच लावून ठेवते. कापडच पातळ असतं हल्लीचं."

काय बोलणार? माझं... खरंच काही म्हणणं नाही.