हसरा दाबला की फुगे

...आणि वर फुगे! म्हणजे तुम्हाला सांगते, त्या ॲपला काडीची अक्कल असती तर फुगे उडवायच्या आधी त्यानं एकदा तरी समोरच्या गादीवर पाहिलं असतं की नाही? नाव नको! हसरा चेहरा दाबला, आले फुगे, लाल, निळे, पिवळे... आणि आमचे बाबा, अर्धं डोकं पिकलेलं, टाळ्या वाजवतायत!

थांबा, नीट सांगते. बोका माझा धाकटा भाऊ. नाव वेगळं आहे, पण दूध चोरून प्यायचा म्हणून बोका. वय सात. त्याच्या गुडघ्याच्या हाडात कॅन्सर आहे. आमच्या घरी हा शब्द कुणी उच्चारत नाही, 'ते' म्हणतात, 'त्याला ते झालंय'. मी कॅन्सर म्हणते, म्हणून मी उर्मट. कॉलेज अर्धवट सोडलं, म्हणून उर्मट आणि वर बिनकामाची.

तर बोक्याला घरी सोडताना हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी आईच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं. ते विचारतं, "आत्ता किती दुखतंय? चेहरा निवडा." एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडका, मधले सगळे तोंड वाकडं केलेले, आमच्या आत्यासारखे. रडका दाबला की ते सांगतं, दुखण्याच्या औषधाचा जास्तीचा डोस द्या, आणि तिकडे सिस्टरांनाही कळतं. हसरा दाबला की फुगे. बस्स! माकडालाही जमेल. पण माकडाला नातेवाईक नसतात हो!

आत्याचा फोन. "अगं वहिनी, गुंगीचं औषध ते, एकदा सवय लागली की सुटत नाही हं!" सवय! सात वर्षांच्या पोराला! डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, आम्ही नेमून दिलंय तेवढं द्या, घाबरू नका, पोराला दुखणं सोसायला लावू नका. पण ऐकलं कुणाचं? आत्याचं! जिला स्वतःची सर्दी आजवर आवरलेली नाही! आणि बाबांना जन्मात एकच कळतं, निकाल चांगला लागला पाहिजे. फुगे आले की लगेच स्क्रीनशॉट घरच्यांच्या ग्रुपवर. लगेच काका, "वा! वाघ आहे वाघ!" अहो काका, बोका आहे तो, आणि त्याला गुडघ्यावर चादरसुद्धा सहन होत नाही! पण नाही... चेहरा निवडा!

एका दुपारी मी बघितलं. आईनं फोन पुढे केला, "बाळा, चेहरा निवड हं." त्यानं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाबांकडे. उशीचं टोक दातांत धरलं. आणि बोट हसऱ्यावर! फुगे! टाळ्या!

दोघं चहाला गेल्यावर मी विचारलं, "काय रे, दुखत नाही?"

"दुखतंय."

"मग रडका का नाही दाबत, गाढवा?"

तर म्हणतो, "रडका दाबला की आई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. आणि बाबा जेवत नाहीत."

मला सांगा... मला सांगा, याला काय म्हणायचं? आईबाप पोराला सांभाळतात असं मी ऐकून होते! इथे पोर हाडातलं दुखणं गिळून दोन घोड्यांना सांभाळतंय!

मग माझं डोकं फिरलं. ते दोघं दारात आले तशी मी आईच्या हातातला फोन हिसकावला आणि खोलीला आतून कडी घातली. बाहेरून बाबा, "स्वतःचं शिक्षण झालं नाही आणि आम्हाला शिकवतेस?" म्हटलं, हो! बोक्याला म्हटलं, "मीही भिंतीकडे तोंड करते. कुणी बघत नाहीये. चेहरा निवड."

फुग्यांचा आवाज आला नाही. वळून पाहिलं. शेवटचा. अगदी शेवटचा रडका, आणि त्यावर बोट तसंच दाबून धरलेलं, मागचे सगळे राहिलेले एकदम भरून काढतोय जणू.

मी कडी काढली, तोच सिस्टरांचा फोन, बाबांनी उचलला. "बाबा, रोज हसरा येत होता, म्हणून आम्ही औषध वाढवलं नाही! जास्तीचा डोस द्या आत्ता. मला पोराचं दुखणं कळवा, फुगे घेऊन काय करू?" बाबा, "नाही, म्हणजे... आम्हाला वाटलं..." आईनं माप बरोबर घेतलं. पाजलं.

हळूहळू उशीचं टोक सुटलं. मग बोक्याला आठवलं की त्याचे रंगीत खडू मी ढापलेत, आणि त्यानं बऱ्या पायानं मला लाथ घातली. आयुष्यात इतकी गोड लाथ खाल्ली नाही हो!

संपलं? कसलं संपतंय! टिंग! "आता घरच्यांची पाळी. तुम्ही कसे आहात? चेहरा निवडा." बाबांनी वाचलं, फोन आईकडे दिला, "आलोच," म्हणाले आणि उठले. आईनं माझ्या हातात कोंबला, "तुला फार कळतं ना? तूच दाब," आणि तीही गेली. मी घेतला. रडका समोरच होता, अगदी बोटाखाली. सहज वर पाहिलं, तर बोका टक लावून माझ्याकडे बघतोय...

फुगे.

बोक्यानं एखाद्या म्हाताऱ्यासारखा सुस्कारा सोडला. "जा ताई. नळ सोड."

गेले. तर बाथरूमला आतून कडी, नळ धो धो, आत बाबा! आणि दाराबाहेर पदर तोंडाशी धरून आई, नंबर लावून. मी तिच्या मागे उभी राहिले. काय करणार? एकच बाथरूम आहे हो आमच्याकडे!