पंधरा कोंबड्या आणि मी आपली गप्प

…नाही, पण मला सांगा, घरात माणसं चार आणि कोंबड्या पंधरा, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? आणि तुकडे केलेल्याही नाहीत हो, अख्ख्या! पिसं काढलेल्या, बर्फात घातलेल्या, क्रेटमध्ये एकमेकींच्या अंगावर पाय टाकून वऱ्हाडासारख्या झोपलेल्या. रविवारी सकाळी साडेआठला सासऱ्यांनी तो क्रेट ओट्यापाशी आणून टेकवला आणि म्हणाले, “घे सूनबाई, आता दाखव तुझा हात.” आणि मी? मी आपली गप्प.

मुळात मी बोलतच नाही. आज तुमच्यापुढे बोलतेय ते लग्नापासूनचं चार महिन्यांचं साठलेलं आहे, तेव्हा मधे थांबवू नका.

तर आमचे सासरे, रंगनाथराव. एसटीच्या डेपोत आयुष्य गेलं, आता रिटायर. त्यांना एक म्हणून वस्तू आणताच येत नाही. केरसुणी आणायला गेले की सहा केरसुण्या. सावेडीत कुठलंसं आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं, तर तिथला डीप फ्रीझरच उचलून आणला. तो आमच्या हॉलमध्ये असतो, सोफ्याशेजारी, काचेच्या झाकणाचा, अंगावर मँगो कँडीचं चित्र. पाहुण्यांची पोरं आली की आधी त्याला जाऊन चिकटतात आणि आत वाकून बघतात तर काय, मटार! तळाशी चार पिशव्या मटार, बाकी सगळा थंडगार रिकामा. सासरे रोज सकाळी झाकण उघडून सुस्कारा सोडणार, जागा वाया चाललीय म्हणून. त्यातच त्यांचे मित्र भिमाजीकाका यांच्या पोल्ट्रीची शेड रिकामी व्हायला आली, घाऊकात घेऊन जा म्हणाले. झालं! तिथल्या माणसांनी कोंबड्या कापल्या, पिसं काढली, आता पोट साफ करून तुकडे करणार, एवढ्यात सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. पुढचं राहू द्या, म्हणाले, पुढचं आमची सून करते.

आता सून हे करते, हे त्यांना कुणी सांगितलं? माझ्या बनुमावशीनं. मला बघायला ही मंडळी श्रीरामपूरला आली होती, पोहे झाले, सासऱ्यांनी आपलं सहज विचारलं, नॉनव्हेज येतं ना मुलीला? मी तोंड उघडायच्या आत मावशी सुरू. “येतं का? आवं, अख्खी कोंबडी पुढ्यात टाका, तुमचा चहा गार व्हायच्या आत तुकडे हातात देती. आमी तर घरात सुरीला हातच लावत न्हाई.”

आमच्याकडे चिकन यायचं ते काळ्या पिशवीत, दुकानातूनच तुकडे होऊन. पुढचा रस्सा माझा, तो मी चांगला करते, खोटं कशाला बोलू? पण त्या पिशवीच्या आधी काय काय घडतं, ते मी जन्मात बघितलेलं नाही. हे तेव्हाच सांगायचं ना? पण समोर कल्याण बसलेला, माझा आत्ताचा नवरा, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी ऑलिम्पिकला जाऊन आलेय… मी आपली गप्प. आणि माझ्या गप्प बसण्याला सगळ्यांनी विनय म्हटलं, सुपारी फुटली.

बरं, परीक्षा घेणार कोण, तर सासूबाई! सविताबाई म्हणजे या कामातलं मोठं नाव. सासरे येईल त्याला सांगतात, बत्तीस वर्षं झाली, आमच्या घरी कोंबडी अख्खी येते, हिच्या हातचे तुकडे बघा, दुकानदाराला जमायचे नाहीत. आणि ह्या बाई चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलणाऱ्या. एकदासुद्धा नावानं हाक नाही, नुसतं ‘अगं’. लांबून बघत राहायच्या, मी बघितलं की नजर काढून घ्यायच्या. मी ठरवूनच टाकलं होतं, यांना मी आवडलेली नाही. आता तर काय, कोंबडीचं खोटं निघालं की बाकीचंही तपासणार. हिचं बी.कॉम. तरी खरं का, असं विचारलं तर मी काय मार्कशीट घेऊन ओट्यावर चढू?

सासूबाईंनी पुरुषांना हॉलमध्ये पिटाळलं. स्वयंपाकघराचं दार लावलं. वर कडी घातली. कडी कशाला? माझ्या हातात सुरी दिली आणि समोर पाट घेऊन बसल्या.

मी एक कोंबडी उचलली. तुम्हाला सांगते, अख्ख्या कोंबडीला पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे आधी ठरवावं लागतं. मी उलटी केली. सुलटी केली. मग धुतली. परत धुतली. पाच वेळा धुतली! माझ्या लग्नातसुद्धा मला इतकी आंघोळ घातली नव्हती कुणी. बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, किती झाल्या? आतून सासूबाई म्हणाल्या, चालू हाय. मला वाटलं, वा, बाहेर तरी माझी लाज राखतायत.

शेवटी मी म्हटलं, “आई, एक तुम्ही करून दाखवा ना. तुमच्या पद्धतीनं शिकेन.”

त्यांनी सुरी घेतली. तंगडीला लावली, काढली. मानेपाशी नेली, काढली. कोंबडी उलटी केली. सुलटी केली. आणि मी कमी बोलत असले तरी बघते बरोबर… ते उलटं-सुलटं करणं ओळखीचं होतं हो! पाच मिनिटांपूर्वी मीच केलेलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

“तुला येत न्हाई ना हे?”

मी खाली बघून मान हलवली.

“लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मला बी येत न्हाई.”

आणि मग दाराकडे बघत, हळू आवाजात, बत्तीस वर्षं बाहेर आली. बघण्याच्या वेळी त्यांच्या मामानं असंच ठोकून दिलं होतं, आमची भाची कोंबडी अशी साफ करते अन् तशी साफ करते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“काय म्हननार? मी आपली गप्प.”

अहो, माझं वाक्य! मी गार पडले. चार महिने त्या माझ्याकडे लांबून बघत होत्या, ते मी नावडते म्हणून नाही. त्यांना वाटायचं, ही पोरगी खरोखरची तरबेज, एक ना एक दिवस ही मला पकडणार. मला त्यांची भीती, त्यांना माझी, आणि मधे पंधरा कोंबड्या. असं हलकं वाटलं म्हणून सांगू, तिथंच फरशीवर बसून हसले, तोंडात पदर कोंबून.

मग तुकडे कोण करत होतं इतकी वर्षं? तर मागच्या दारी, मोरीलगतच्या भिंतीपलीकडे सरवरीभाभी राहतात, त्यांचं माहेर चिकनच्या धंद्यातलं. दर रविवारी कोंबडी पातेल्यातून भिंतीवरून जायची आणि सासऱ्यांचा पेपर वाचून होईस्तोवर तुकडे होऊन परत यायची. आज घमेलं घेतलं. सासूबाई स्टुलावर, मी खालून एकेक देतेय. भाभींनी वरून डोकावून बघितलं. “पंधरा? सविता, शादी है क्या घर में?” मग मी दिसले. “बहू को बी नै आता? अल्ला, जोडी क्या जमी है सास-बहू की!”

पलीकडे खटाखट सुरी, अलीकडे आम्ही. तुकडे धुवायचे, निथळायचे, हळद-मीठ चोळायचं, एका वेळेला लागतील तेवढे पिशवीत भरायचे, हवा दाबून काढायची, पिशवी चपटी करायची म्हणजे रचायला बरी. कलेजी वेगळी, सुपाची हाडं वेगळी. वर मी मार्करनं वार टाकले, कारण आमच्याकडे सोमवार सासूबाईंचा, मंगळवार सगळ्यांचा, गुरुवार शिर्डीचा म्हणून सासऱ्यांचा, शनिवार शिंगणापूरचा म्हणून कल्याणचा, उरलेत किती ते तुम्हीच बघा. या चालीनं त्या कोंबड्या पुढच्या वर्षीपर्यंत पुरतील. एक कोंबडी भाभींकडेच राहिली, तो बत्तीस वर्षांचा रिवाज आहे. एकदा तुकडे झाले की कोंबड्या कोण मोजतंय?

कडी निघाली. सासऱ्यांनी एकेक पिशवी उजेडात धरून बघितली, कल्याणला दाखवली. “बघ, याला म्हणतात हात. दोघींचा सारखा.” मग पिशव्या मटारावर रचल्या, झाकणातून फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं, सुटलो.

चहाच्या वेळेला सासरे हसत आले. सगळ्या भावकीला फोटो आवडलाय, सगळ्यांना अशाच कोंबड्या पाहिजेत, भिमाजीकडे अजून माल आहे, पुढच्या रविवारी चाळीस सांगितल्यात. “आपल्या दोघी हायेतच की.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मोरीकडे बघत होत्या.

“पंकजा,” त्या म्हणाल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा, नावानं. “स्टुलानं भागायचं न्हाई. एक शिडी लागंल.”

“शिडी? आणतो की,” सासरे म्हणाले आणि चप्पल घालून निघालेसुद्धा.

म्हणजे सहा येणार. मी आपली गप्प.