दत्ताकाकांचे ‘क्रॉनिक’

एखादा इंग्रजी शब्द धडधाकट माणसालाही अंथरुणाला खिळवू शकतो, हे मी भिसेगावात पाहिले. शेजारच्या दत्ताकाकांच्या रिपोर्टवर ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’ असे लिहिले होते. ते वाचून काका सकाळपासून पांघरूण घेऊन पडले होते आणि काकी रडत होत्या.

“खरं सांग रं, कॅन्सरच हाय ना?” काकांनी मला विचारले.

मी जपून म्हणालो, “काका, अचानक उद्भवतो तो अ‍ॅक्यूट, दीर्घकाळ टिकतो तो क्रॉनिक. तरी डॉक्टरांनाच विचारू.”

डॉक्टर फोनवर म्हणाले, “त्यांचा जुनाच खोकला आहे. विडी सोडायला सांगा.”

काका ताडकन उठून बसले. “जुनाच हाय गं!”

काकींनी डोळे पुसले. “मग मला इचारायचं! अंतरपाटाच्या पल्याडनं तुमचं तोंड दिसायच्या आदी खोकलाच ऐकला व्हता मी!”