झाकलेलं कोकरू

मंडळी, ऐका! आख्यानाच्या आधी एक सवाल टाकतो. माणसानं आधी बघावं आन् मग झाकावं, का आधी झाकावं आन् मग बघावं? बोला की! अवो मावशी, पदराआड हसू नका, सवाल तुम्हालाबी हाय. सांजच्याला कोंबड्या डालग्याखाली झाकता न्हवं? मग आत मुंगूस शिरलंय का बघता का न्हाई? न्हाई बघितलं, तर सकाळी काय मिळंल? नुसती पिसं!

हसलात? हसून घ्या. म्होरं हसू यायचं न्हाई.

एक धनगर व्हता. धुळा त्याचं नाव. घरात बायको ठकूबाई, लग्न होऊन सासरी गेलेली एक लेक हौसा, आन् माळावर मेंढरांचा कळप. हे माळरान म्हंजी कसं? गवत, दगड, वारा आन् वर आभाळ! सावलीला एक बाभळ, तीबी वाकडी.

त्या माळावर लांडगं व्हतं. पर धुळाच्या घरात लांडग्याला लांडगा म्हणायचं न्हाई. धाकला म्हणायचं! का? तर म्हातारी माणसं सांगायची, धनगर आन् लांडगा मूळचे दोघं भाऊ. थोरल्यानं मेंढरं आपल्याकडंच ठेवली आन् म्हणला, “तुझा वाटा नंतर बघू.” नंतर! मंडळी, भावाभावातलं ‘नंतर’ म्हंजी काय, हे मी कशाला सांगू? इथं बसलेल्यातले निम्मे तर तारखेला तालुक्याला जातात! (मृदंगवाले, मान खाली घालू नका, तुमचं नाव घेतलं न्हाई म्या.) तर धाकला रुसला, माळावर गेला, अंगावर केस आलं. तवापासनं कवातरी येतो आन् आपला वाटा घेऊन जातो.

म्हणून रीत पडली. धाकल्यानं कोकरू उचललं तर वरडायचं, काठी घेऊन पळायचं, पर पांढऱ्या टेकाडापर्यंतच. टेकाड ओलांडलं की माघारी फिरायचं. म्हणायचं, “वाटा गेला!”

आन् दुसरी रीत. मेंढरू मरून पडलं तर आधी नरडं बघायचं, मगच धाकल्यावर आळ घ्यायचा. कारण धाकला धरतो नरड्याला. कुत्री मागनं फाडत्यात. धनगराचं दुधाचं दात पडायच्या आधी त्याला हे कळतं.

धुळाला तर त्याहूनबी जास्त ठावं व्हतं. टेकाडाच्या पोटाला धाकल्याचं बीळ व्हतं, ते त्याच्या बापानं त्याला दाखवलेलं. किती जणांनी इचारलं, “धुळा, बीळ कुठं हाय रं?” धुळा म्हणायचा, “मला काय ठावं? मी मेंढरं राखतो, लांडगं न्हाई!”

आता ऐका, गाठ कुठं बसली ती.

हौसाला लई वरसं मूल नव्हतं. धुळानं बिरोबाला साकडं घातलं, “देवा, लेकीची कूस उजव, यंदाचं पहिलं कोकरू तुझ्या नावानं सोडतो!” आन् झाली की पोरगी! धुळानं कोकराच्या कपाळाला भंडारा लावला, गळ्यात घुंगरू बांधलं. काळंभोर कोकरू! धुळाला वाटायचं, हे माळावर उड्या मारतंय तवर तिकडं नात पाळण्यात सुखात हाय.

एक दिवस भर दुपारी मेंढरं बाभळीखाली बसलेली. धुळा हिरीवर पाणी शेंदत व्हता. तेवढ्यात मेंढरं बुजली! सैरावैरा! धुळानं पोहरा टाकला आन् धावला. ओघळीत कोकरू पडलेलं. घुंगरू गप.

धुळाला आधी कोण आठवलं? नात! देवाचं कोकरू गेलं, आता पोरीचं काय हुईल?

आन् इथं आडवी आली तिसरी रीत. देवाच्या नावानं सोडलेलं मेंढरू मेलं, तर त्याच्यावर ऊन पडू द्यायचं न्हाई. लगोलग घोंगडं टाकायचं. घरातल्या म्हातारीनं यावं आन् पुरावं. धुळानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, तोंड फिरवलं आन् झाकलं.

नरडं बघितलं का? न्हाई.

तेवढ्यात फटफटीवरनं आले शिरपतराव. गावाखाली त्यांचं कोंबड्यांचं शेड. माणूस वाईट नव्हता हां! अडल्यानडल्याला धावणारा.

“काय झालं रं धुळा?”

“देवाचं कोकरू गेलं, मालक.”

“लांडगा! दुसरं कोण? म्या मघाशीच टेकाडावर बघितला की! आणखी पाज दूध तुझ्या भावाला!”

“आजवर त्यानं देवाच्याला हात लावला न्हाई, मालक.”

“आज लावला न्हवं? आज कोकरू, उद्या पाळण्यातलं पोर! मग म्हण, वाटा गेला!”

बस! तो एक शब्द काळजात शिरला. पाळण्यातलं पोर! शिरपतरावांनी खिशातनं काडीपेटी काढली, पुढं केली. धुळानं घेतली.

त्या दिवशी धुळानं पांढरं टेकाड ओलांडलं.

बिळाच्या तोंडाशी वाळलं गवत कोंबलं. काडी लावली. वर दगड रचलं, एकावर एक, मेंढवाड्याचं कुसू रचावं तसं नीट. आतनं आवाज आला. कसा? लांडग्यासारखा न्हाई, मंडळी. पाळण्यातलं लेकरू भुकेनं किरकिरतं, तसा. धुळानं दोन्ही कानांवर हात ठेवलं. हात काढलं तवा माळ गप झालेला.

माघारी आला, तर ठकूबाई कुदळ घेऊन ओघळीत उभी.

“अवं, नरडं बघितलं व्हतं?”

“देवाचं हाय गं. झाकलं.”

“मग धाकल्यानं धरलं का कुत्र्यांनी फाडलं, कसं कळलं?”

ठकूबाईनं बिरोबाला हात जोडलं, म्हणाली, “देवा, रीत मोडते, पाप माझ्या पदरात टाक,” आन् घोंगडं उचललं.

नरडं धडधाकट! घुंगराची दोरी तशीच, भंडारा तसाच. मागल्या दोन्ही मांड्या मात्र फाडलेल्या. आन् त्या रक्तात चिकटलेली — काय? कोंबडीची पांढरी पिसं!

माळावर कोंबडी कुठली? शिरपतराव शेडात मेलेल्या कोंबड्या वढ्यात टाकायचे, त्यावर गावची कुत्री पोसायची, टोळ्या करून हिंडायची. त्यांच्याच तोंडाची पिसं ती!

धुळा पळाला. पायात वहाण न्हाई, काटं बघितलं न्हाई. तापलेलं दगड हातानं उपसलं, तळवं भाजलं. धाकल्याची पिल्लं भाईर काढली, वाऱ्यावर ठेवली, मुंडाश्यानं वारा घातला, नाकात फुंकर मारली. मेंढीचं अडलेलं कोकरू जगवणारा माणूस तो! पर एकबी हाललं न्हाई.

मान वर केली, तर टेकाडावर लांडगीण उभी. अंगावर आली न्हाई. पळाली न्हाई. नुसती बघत व्हती. धुळाला म्हणायचं व्हतं, “चुकलं गं बाई.” त्यानं हातातलं मुंडासं उलगडलं आन् पिल्लांवर घातलं. या वेळी बघून झाकलं, मंडळी. पर आता त्याचा काय उपेग?

त्या दिवसापासनं माळावर धाकला दिसला न्हाई. मग काय, लांडगं गेलं, मेंढरं सुखी झाली? कुत्र्यांना धाक व्हता तो एकट्या धाकल्याचा! आता ती रोजच्या रोज कळपात शिरायला लागली. आन् धाकला भुकेपुरतं न्ह्यायचा; कुत्री खेळत्यात, फाडत्यात, टाकून देत्यात!

नात? नात खुशाल हाय! शाळेत जाती. देवानं तिचा केससुदिक वाकडा केला न्हाई. देव रागावला असता, तर धुळाला बरं वाटलं असतं.

आता दर वरसाला धुळा एक कोकरू उचलतो, पांढऱ्या टेकाडापल्याड न्हेऊन सोडतो आन् म्हणतो, “धाकल्या, तुझा वाटा रं.” मागं न बघता चालायला लागतो. चालताना कान मागंच असत्यात. वाटतं, आज तरी कुणी येईल, आज तरी न्हेईल.

आन् दर खेपंला मागनं आवाज येतो, “ब्यां!” कोकरू आपल्या पायानं माघारी येतं. धुळाच्या धोतराला तोंड घासतं. वाटा हाय मंडळी, घेणाराच न्हाई! कोकरू जगलं म्हणून माळावर ढसाढसा रडणारा धनगर तुम्ही कुठं बघितलाय का?

टाळकरी, जरा थांबा. गजर आत्ताच नको.

आता धुळाला नावं ठेवाल. ठेवा! पर एवढं सांगा, या गावच्या वढ्यात मेलेल्या कोंबड्या कोण टाकतं? मी सकाळी त्याच वाटेनं आलोय, माझं नाक अजून शाबूत हाय! आन् सुनंवर, शेजाऱ्यावर, सख्ख्या धाकल्या भावावर आळ घेताना कुणी कुणी नरडं बघितलं? का कानात कुणी बोललं आन् झालं, घोंगडं टाकलं?

तर घरी जावा. देवापुढं हात जोडायच्या आधी आपापलं घोंगडं उचला. खाली दात कुणाचं उमटल्यात, ते नीट बघा. न्हाई तर एक दिवस वाटा हातात घेऊन टेकाडावर उभं राहाल, आन् पल्याड फकस्त वारा असंल.

हां, आता वाजवा टाळ. पर हळू.