मंडळीची हाक आणि माझा टायमर

चहा प्या, पण कान इकडं द्या, कारण आमच्या घरी यंत्र आलंय! लेक बाळंत झाली कोपरगावला. आमची मंडळी म्हणाली, "मी जाईन, पण माझ्या कोंबड्यांना दाणा कोण घालील? तुमी तर आठ वाजेस्तोवर घोरता."

म्हटलं, "यंत्र घालील!" मी चौथी नापास, पण फेज-न्यूट्रल मला बरोबर कळतंय. दाण्याच्या डब्याला मोटर लावली, तिला डिजिटल टायमर जोडला आणि बटणं दाबून दाबून भरलं: सकाळी सहाला चालू, एका मिनिटानं बंद.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला मोटर घुर्रर्र! दाणा खाली! मी तर उड्याच मारल्या. पण एक बी कोंबडी हलंना. सगळ्या स्वयंपाकघराच्या दाराकडं माना करून उभ्या. शेजारच्या बकरीनं सगळा दाणा फस्त केला.

मंडळी पिशवी घेऊन दारातच होती. "बघितलं, इंजिनियरसाहेब? मी हाक मारल्याबिगर त्या तोंड लावत न्हाईत. मी काय जात न्हाई आता."

"जा गं! हाकेचं बी बघतो."

आता सहाला यंत्र दाणा सोडतं. त्याच मिनिटाला तिचा फोन येतो आणि मी मोबाईल खुराड्यापुढं धरतो. ती तिकडून वरडते, "या गं बायांनो, या!" लागलीच सगळ्या पळत येतात.

काल म्हटलं, "मग माझ्या यंत्राचा उपयोग काय झाला?"

"झाला की! तुमी सहाला उठाय लागलात."